चाळिशीनंतरचा डॉक्टर : एक भाषण, तीन पुस्तके आणि एक हिशेब

चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाने कॅनडात तीन गोष्टी कराव्यात असा एक अलिखित संकेत आहे. मॉर्गेज संपवत आणावे, मुलांच्या युनिव्हर्सिटीच्या खर्चाची तजवीज करावी आणि मंडळाच्या कमिटीवर एकदा तरी जावे. या यादीत ‘मेडिकल कॉलेजला अर्ज करावा’ हे कलम बसत नाही. तरीही गेले वर्षभर मी त्याच विचारात आहे. वय चव्वेचाळीस, व्यवसाय सॉफ्टवेअरचा, इंजिनियरिंगमध्ये डॉक्टरेट. नावामागे ‘डॉ.’ असल्यामुळे भारतातून आलेल्या एखाद्या आजी गणपतीच्या जेवणात मला गुडघा दाखवतात आणि मी संगणकाचा डॉक्टर आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरतो. आता तो गुडघा खरोखरच तपासता यावा असे मला वाटू लागले आहे, आणि घरात व मित्रांत त्यावर बरीच चर्चा झाली आहे.

आपल्या लोकांची एक चांगली सवय अशी की सल्ल्याबरोबर ते पुस्तकही देतात. त्यामुळे माझ्या टेबलावर एक भाषण आणि तीन पुस्तके जमा झाली. कुणी ती मला परावृत्त करण्यासाठी दिली, कुणी प्रोत्साहन म्हणून. ती सगळी मी वाचली, काही दुसऱ्यांदा. या लेखात त्यांची समीक्षा करायची आहे, पण साहित्यिक अंगाने नव्हे. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : उशिरा या वाटेला लागणाऱ्या माणसाचा खर्च कोण भरतो? आपल्यातले बरेच जण आज ना उद्या अशा कुठल्या तरी वळणावर येतात. वाट वैद्यकाचीच असेल असे नाही. म्हणून हा हिशेब चारचौघांत मांडत आहे.

पहिले वाचन म्हणजे सर विल्यम ऑस्लर यांचे ‘द फिक्स्ड पीरियड’ हे भाषण. ऑस्लर आपल्या ओंटारियोचे. १८४९ साली बाँड हेड या खेड्यात जन्म, डंडस गावात बालपण, १८७२ मध्ये मॅकगिलची वैद्यकीय पदवी. ब्रॅम्प्टन आणि एटोबिको या भागांतली इस्पितळे चालवणाऱ्या संस्थेला त्यांचेच नाव आहे, त्यामुळे ते आपल्यापैकी अनेकांच्या अपॉइंटमेंटच्या कागदावर असते. २२ फेब्रुवारी १९०५ रोजी, जॉन्स हॉपकिन्स सोडून ऑक्सफर्डला जाण्यापूर्वी, बाल्टिमोरमध्ये त्यांनी हे निरोपाचे भाषण केले. त्यात त्यांनी सांगितले की जगातले खरे जिवंत काम पंचवीस ते चाळीस या वयात होते, चाळिशीनंतरची माणसे तुलनेने निरुपयोगी असतात आणि साठीनंतर तर निवृत्तच व्हावे. अँथनी ट्रोलप यांच्या त्याच नावाच्या कादंबरीचा हवाला देऊन त्यांनी क्लोरोफॉर्मचा एक विनोदही केला. वर्तमानपत्रांनी तो शब्दशः घेतला आणि गहजब झाला. म्हाताऱ्यांना मारून टाकण्याला ‘ऑस्लराइझ’ असे क्रियापदच काही काळ रूढ झाले.

हे भाषण मला देणाऱ्या मित्राचा हेतू उघड होता. पण त्यातला युक्तिवाद तपासायला ऑस्लर यांचेच चरित्र पुरे आहे. चाळीस वर्षे त्यांना १८८९ च्या जुलैत पूर्ण झाली. ‘द प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ मेडिसिन’ हा त्यांचा ग्रंथ, ज्यावर डॉक्टरांच्या पिढ्या पोसल्या, तो १८९२ चा. हॉपकिन्सचे मेडिकल स्कूल सुरू झाले १८९३ मध्ये. विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन शिकवणे हे आपले मोठे काम असे ते मानत, आणि तिथले ते कामही त्यानंतरचेच. म्हणजे स्वतःच्याच नियमाने ज्या काळात त्यांनी निरुपयोगी ठरायला हवे होते त्याच काळात त्यांनी नाव कमावले. त्यांच्या मातोश्री तर भाषणाच्या दिवशी अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होत्या आणि पुढे वयाची शंभरी गाठून गेल्या.

तेव्हा भाषण विनोदी असले तरी त्यातले शास्त्र कच्चे आहे. ‘नवे शोध तरुणपणी लागतात’ आणि ‘उपयुक्त काम तरुणपणीच होते’ ही दोन वेगळी विधाने आहेत, ती ऑस्लर यांनी एकात मिसळली. पहिले खरे धरले तरी दुसरे त्यातून निघत नाही. आजींचा गुडघा तपासायला शोध लावावा लागत नाही. मात्र या भाषणाचे एक श्रेय मी मान्य करतो. माणसाच्या कामाला मुदत असते आणि ती मोजावी, हे कुणीतरी मोठ्याने बोलले. ही मोजणी मी पुढे करणार आहे.

दुसरे पुस्तक अर्थातच श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’. मराठी घरात ‘डॉक्टर व्हायचे आहे’ असे म्हटले की कुणीतरी आनंदीबाईंचे नाव घेतेच. २०१९ साली समीर विद्वांस यांचा चित्रपट आल्यापासून मुलांच्या पिढीलाही ते ठाऊक झाले. एक योगायोग ही कादंबरी आणि ऑस्लर शेजारी ठेवल्यावर लक्षात आला. ऑस्लर १८८४ ते १८८९ या काळात फिलाडेल्फियात शिकवत होते. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला आल्या आणि त्याच फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. म्हणजे दीड-दोन वर्षे दोघे एकाच शहरात होते. एकाला पुढे वयाची शंका आली. दुसरीला स्त्री असण्याची, परकी असण्याची, थंडीची आणि खाण्यापिण्याचीही किंमत मोजावी लागत होती, आणि वय होते अवघे विशीच्या आसपासचे.

कादंबरी म्हणून ‘आनंदी गोपाळ’ची पकड आजही सुटत नाही. पण माझ्या प्रश्नाला ती फारसे उत्तर देत नाही, कारण तिचा खरा नायक गोपाळराव आहेत. त्यांचा हट्ट, त्यांची विक्षिप्त माया, त्यांचा छळ, यावर वाचक पुस्तक मिटल्यावरही भांडत राहतो. वैद्यकशास्त्र मात्र पार्श्वभूमीलाच राहते. आनंदीबाईंना शरीरशास्त्र शिकताना काय वाटले, आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिताना त्यांनी आपल्या परंपरेकडे कसे पाहिले, ही उत्सुकता कादंबरी भागवत नाही. त्यासाठी कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेल्या चरित्राकडे, काशीबाई कानिटकरांच्या मराठी चरित्राकडे किंवा मीरा कोसंबी यांनी पत्रांवर केलेल्या संशोधनाकडे जावे लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात नेमणूक झाली होती, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बावीस वर्षेही पूर्ण नव्हती. त्यांच्या हातून एकाही वर्षाची स्थिर प्रॅक्टिस झाली नाही. तरी आपण त्यांना ‘पहिल्या डॉक्टर’ म्हणून पूजतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांनी दार उघडले. पण या पूजेचा एक दुष्परिणाम असा की पदवी हेच शिखर असे आपल्या मनात बसले. माझ्यासारख्याने अर्ज केला तर मंडळात कौतुक होईल, पदवी मिळाली तर शाल-श्रीफळ मिळेल. पंचेचाळिसाव्या वर्षी दार उघडण्याचे श्रेय मिळत नसते. त्या वयात पदवीला अर्थ येतो तो फक्त नंतरच्या कामाने. म्हणून ‘आनंदी गोपाळ’ ही उशिरा निघणाऱ्यांची प्रेरणा म्हणून वाचू नये. ती लवकर निघालेल्या आणि फार लवकर संपलेल्या माणसाची गोष्ट आहे.

उशिरा निघालेल्या माणसाचे पुस्तक म्हणजे आल्बर्ट श्वाइट्झर यांचे १९३१ चे आत्मकथन. इंग्रजीत ते ‘आउट ऑफ माय लाइफ अँड थॉट’ या नावाने मिळते. श्वाइट्झर तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र या दोन्हींचे डॉक्टर, बाखचे जाणकार, नावाजलेले ऑर्गनवादक. तिशीपर्यंत विद्या आणि कला, त्यानंतर थेट माणसांची सेवा, असे त्यांनी एकविसाव्या वर्षीच ठरवले होते. १९०५ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये त्यांनी नातेवाइकांना आणि स्नेह्यांना पत्रे टाकली की मी आता वैद्यकाचा विद्यार्थी होणार. त्यानंतर जे घडले ते आपल्याकडच्या कुठल्याही दिवाणखान्यात घडते तसेच. कुणी म्हणाले डोके फिरले, कुणी म्हणाले प्रेमभंग झाला असेल. त्यांचे संगीतगुरू विडोर यांनी तर सुनावले की सेनापतीने बंदूक घेऊन खंदकात उतरण्यातला हा प्रकार आहे.

पुस्तकाचा हा भाग फार प्रामाणिक आहे. पाठांतर आता पूर्वीसारखे जमत नाही हे ते सांगतात. शुद्ध शास्त्र शिकण्याच्या नादात परीक्षेच्या तयारीकडे दुर्लक्ष झाले आणि शेवटी तरुण सहाध्यायांच्या घोकंपट्टीच्या मंडळात सामील व्हावे लागले, हेही सांगतात. परीक्षेची फी भरायला म्यूनिकच्या संगीतमहोत्सवात ऑर्गन वाजवावा लागला. सात-साडेसात वर्षांनी, १९१३ च्या वसंतात, ते पत्नी हेलेन यांच्यासह आज गॅबनमध्ये असलेल्या लांबारेनेला पोहोचले. तेव्हा वय होते अडतीस.

पण दोन ठिकाणी मी अडखळलो. पहिले, हेलेन. त्या स्वतः शिकलेल्या, त्यांनी या कामासाठी परिचारिकेचे शिक्षण घेतले, पुढे त्यांची प्रकृती आफ्रिकेत खालावली आणि वर्षानुवर्षे दोघांना दूर राहावे लागले. आत्मकथनात त्यांच्या वाट्याला जी जागा येते ती त्यांच्या त्यागाच्या मानाने फारच थोडी आहे. घरखर्चाचा स्तंभच कोरा ठेवलेला ताळेबंद म्हणावा तसे ते वाटते. माझ्या घरात हा स्तंभ कोरा ठेवता येणार नाही. पत्नीचा पगार हीच सहा वर्षांची खरी स्कॉलरशिप असेल. मुलगी अकरावीत आहे, म्हणजे एकाच घरातून दोन ट्यूशन फी जातील, आणि ओंटारियोत मेडिकलची फी वर्षाला वीस हजार डॉलरच्या वरच आहे. पत्नीने एका संध्याकाळी एक्सेलची शीट उघडून सगळे आकडे मांडले आणि शांतपणे म्हणाली, “जमेल. पण हा निर्णय तुझा एकट्याचा आहे असं कुठे सांगू नकोस.” श्वाइट्झरना हे वाक्य कुणी ऐकवायला हवे होते.

दुसरे, कारण. वैद्यक निवडले ते न बोलता काम करता यावे म्हणून, असे ते सांगतात. आयुष्यभर शब्दांनी शिकवले, आता हातांनी करायचे. सॉफ्टवेअरवाल्याला हे वाक्य एकदम भिडते, आणि म्हणूनच त्याच्यापासून जपले पाहिजे. सुपर व्हिसावर आलेल्या आपल्या आईवडिलांबरोबर दुभाषा म्हणून मी बऱ्याचदा क्लिनिकमध्ये जातो. एक आजी सांगत होत्या, “जीव घाबरा होतो.” याचे भाषांतर काय करायचे? छातीत धडधडते, श्वास कोंडतो, की मनाला भीती वाटते? ‘अँग्झायटी’ म्हटले तर तपासणी एका दिशेला जाते, ‘पाल्पिटेशन’ म्हटले तर दुसऱ्या. मी डॉक्टरांना तिन्ही शक्यता सांगितल्या आणि आजींना पुन्हा विचारले. त्या चाळीस मिनिटांत स्टेथोस्कोप जेमतेम मिनिटभर वापरला गेला, बाकी सगळे बोलणेच होते. लांबारेनेतही श्वाइट्झर दुभाष्यांवर अवलंबून होते. न बोलता करता येणारे वैद्यक बहुधा कुठेच नाही. बोलण्याचा कंटाळा आला म्हणून जो या व्यवसायात येईल, त्याची निराशा ठरलेली आहे.

तिसरे पुस्तक आपल्याच माणसाचे. अतुल गवांदे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून अमेरिकेला गेले आणि ओहायोत यूरॉलॉजिस्ट झाले. आईही डॉक्टर. ‘बीइंग मॉर्टल’ आपल्यातल्या पुष्कळांनी वाचले आहे, पण माझ्या कामाचे ठरले ते २००२ चे ‘कॉम्प्लिकेशन्स’. त्यातल्या सुरुवातीच्याच प्रकरणात ते शिकाऊ सर्जन म्हणून रुग्णाच्या छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालायला कसे शिकले ते सांगतात. हात चुकतो, पुन्हा चुकतो, आणि एके दिवशी जमतो. ते चुकणे ज्याच्या अंगावर होते तो रुग्ण असतो. हे सांगून ते थांबत नाहीत. स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या हृदयाचा प्रश्न आला तेव्हा शिकाऊ डॉक्टर बाजूला ठेवून आपण अनुभवी तज्ज्ञच निवडला, हेही ते लिहितात. शिकणे आवश्यक आहे, पण ज्याला निवड करता येते तो आपल्या घरचे शरीर शिकण्यासाठी देत नाही. मग तो भार निवड नसलेल्यांवर पडतो.

चारही वाचनांत माझ्या प्रश्नाला सरळ भिडणारे हे एकच. खर्च कोण भरतो, याचे उत्तर ऑस्लर देत नाहीत, कादंबरी देत नाही, श्वाइट्झर अर्धेच देतात. गवांदे सांगतात : पहिला हप्ता रुग्ण भरतो. आता यावर ऑस्लर यांची मुदतीची मोजणी बसवू. यंदाच अर्ज केला आणि पहिल्याच प्रयत्नात प्रवेश मिळाला असे धरले, तर पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात. चार वर्षे पदवीची, म्हणजे एकोणपन्नास. फॅमिली मेडिसिनची दोन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे एक्कावन्न. अडुसष्टपर्यंत काम केले तर सतरा वर्षे. चोविसाव्या वर्षी सुरू करणारी मुलगी तिशीत तयार होते आणि तिला अडतीस वर्षे मिळतात. आम्हा दोघांच्या शिकण्याची रुग्णांवर पडणारी किंमत साधारण सारखीच, परतफेड मात्र माझी निम्म्याहून कमी. सर्जरीसारख्या पाच वर्षांच्या शाखेला गेलो तर चौदाच वर्षे उरतात. गवांदे यांनी वयावर भाष्य केलेले नाही. हा निष्कर्ष माझा आहे, आणि ऑस्लर यांच्या विनोदापेक्षा तो मला जास्त टोचतो.

इथे मित्रमंडळी बाबा आमट्यांचे उदाहरण देतात. वरोऱ्याचा वकील, पस्तिशीत कुष्ठरोग्यांच्या कामाकडे वळला, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगापुरते शिकून आला आणि आनंदवन उभे केले. डॉक्टर झाले ते त्यांचे दोन्ही मुलगे. म्हणजे पदवीशिवायही दार असते, तू आरोग्याचे सॉफ्टवेअर लिही. उदाहरण मोठे आहे, निष्कर्ष लंगडा. बाबा रुग्णांच्या शेजारी राहायला गेले होते, लांबून सोय करून देत नव्हते. मी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर लिहिलेले आहे. ते उपयोगी आहे, पण त्यात रुग्ण म्हणजे तक्त्यातली एक ओळ असते. ती ओळ ज्याला पुरत नाही त्याला ‘आणखी चांगला तक्ता कर’ असे सांगून समाधान होत नाही.

मग शेवटी तराजूत काय राहते? एका पारड्यात ही निम्मी परतफेड. त्याच पारड्यात आणखी एक वजन आहे. आपल्याच समाजात असे डॉक्टर आहेत जे भारतात वर्षानुवर्षे प्रॅक्टिस करून आले, इथल्या परीक्षा पास झाले आणि परदेशी पदवीधरांसाठी रेसिडेन्सीच्या जागा मोजक्या असल्यामुळे दुसऱ्याच कामात अडकले. माझी जागा आणि त्यांची जागा सरळ एकमेकींच्या आड येत नाहीत हे खरे. तरी शिकून तयार असलेला हात रिकामा ठेवून सरकारने माझ्यासारख्या नवशिक्यावर सहा वर्षे खर्च करावा, हे कुठल्याही इंजिनियरला खटकेल. मी डॉक्टर झालो किंवा न झालो, या प्रश्नावर मंडळाने आमदारांना पत्र लिहायला हवे.

दुसऱ्या पारड्यात गरज आहे. ओंटारियोत पंचवीस लाखांच्या आसपास लोकांना फॅमिली डॉक्टर नाही, असे ओंटारियोच्या फॅमिली डॉक्टरांच्या कॉलेजने २०२४ मध्ये सांगितले. ज्याला डॉक्टरच नाही, त्याला ‘याचा डॉक्टर सतराच वर्षे टिकणार’ ही तक्रार परवडण्यासारखी नाही. आणि वयाने दिलेली एक गोष्ट माझ्याकडे आहे : ‘जीव घाबरा होतो’ या शब्दांवर थांबायची सवय. चोविसाव्या वर्षी ती माझ्याकडे नव्हती. गंमत म्हणजे ऑस्लर ज्या डंडसमध्ये वाढले त्याला लागूनच मॅकमास्टर युनिव्हर्सिटी आहे. तिच्या मेडिकल स्कूलने १९६९ च्या पहिल्या तुकडीपासून तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठेवला, आणि विज्ञानाबाहेरून आलेल्यांनाही जागा दिली. चाळिशीला नाके मुरडणाऱ्याच्या अंगणातच हे दार उघडे आहे. २०२५ मध्ये ब्रॅम्प्टनला टोरोंटो मेट्रोपॉलिटनचे नवे मेडिकल स्कूलही सुरू झाले.

वाचून झाल्यावर आम्ही घरी जे ठरवले ते असे. अर्ज एकदाच करायचा, आणि फॅमिली मेडिसिन हेच मनात धरून. सर्जरीचा मोह झाला तर ती चौदा वर्षांची बेरीज पुन्हा वाचायची. यंदा प्रवेश मिळाला नाही तर पुन्हा एमकॅट देत बसायचे नाही, दुभाष्याचे काम आठवड्याला ठरावीक वेळ देऊन नीट करायचे. पत्नीची सही अर्जावर लागत नाही, पण आमच्या एक्सेलच्या शीटवर ती आहे.

ज्यांना स्वतःसाठी असा हिशेब मांडायचा आहे त्यांनी ही वाचने याच क्रमाने करू नयेत असे सुचवतो. आधी गवांदे वाचावेत, म्हणजे खर्च कळेल. मग श्वाइट्झर, पण पत्नी किंवा पती यांच्याबरोबर बसून. ऑस्लर शेवटी आणि हसतहसत. ‘आनंदी गोपाळ’ मुलामुलींना द्यावी, कारण ती त्यांच्या वयाची गोष्ट आहे. चारही माझ्याकडे आहेत, कुणालाही मिळतील. फक्त गवांदे ऑगस्टअखेर परत करावेत, कारण अर्जात निबंध लिहायचा आहे.